झालं का गं?

आमच्या अण्णांना राष्ट्रगीत ऐकू येत नाही, दिसतं.

जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी माग चालवला. आधी गिरणीत साचेवाले म्हणून, आणि गिरणी बंद पडल्यावर सोलापूरच्या अक्कलकोट रोडकडच्या एका यंत्रमाग कारखान्यात, चादरीच्या मागावर. चालू मागाशेजारी जो कधी उभा राहिला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आदळतो, तो एकट्या मागाचा आवाजही छातीत बसतो. गिरणीच्या खात्यात तर असे शेकड्यानं माग एका वेळी चालायचे. कानात कापसाचा बोळा, एवढीच काय ती सोय. तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही. धाग्याची कांडी संपली, जॉबरला म्हणजे मुकादमाला बोलव, चहा आला, सगळं ओठांनी आणि बोटांनी. पन्नाशी ओलांडेपर्यंत अण्णांचे कान पार गेले. त्यांनी त्याचा फार त्रास करून घेतल्याचं मला आठवत नाही. बरोबरच्या सगळ्यांचेच कमीजास्त गेले होते, आणि ओठ वाचायची सवय तोवर हाडात मुरली होती.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. झेंडावंदनाला पालक येतात ते मुलांच्या पाठीमागे उभे राहतात. अण्णा मात्र पहिल्या वर्षापासून ध्वजाच्या खांबाच्या बाजूला, मुलांच्या तोंडांसमोर जागा धरतात. मुलांनी 'जन' म्हणायला तोंड उघडलं की अण्णा सावधान. मान सरळ, मुठी मांडीला टेकलेल्या, अंगठा पुढे. स्वतः गात नाहीत. पूर्वी गायचे. पण एकदा आई म्हणाली, "अहो, तुमचा आवाज फार चढतो, पोरं बघायला लागतात," तेव्हापासून बंद केलं. कडवं कुठं आलंय ते त्यांना मुलांच्या ओठांवरून नेमकं कळतं. शेवटी 'जय हे' तीन वेळा येतं तेव्हा तोंडं तीनदा सावकाश उघडतात, आणि मग एकदम झरझर. अण्णा म्हणतात, "तीनदा उघडलं की समजायचं, गाव जवळ आलं."

जिथं तोंडं दिसत नाहीत तिथं पंचाईत. मोठ्या मैदानावर, गर्दीत, सगळ्यांच्या पाठीच दिसतात. माणसं सरळ झालेली दिसली की अण्णाही सरळ होतात, पण संपलं कधी हे कसं कळणार? त्यासाठी घरात एक खूण ठरली. कुणी ठरवली आठवत नाही, बहुधा आईनं. राष्ट्रगीत संपलं की शेजारी घरचं जो कुणी असेल त्यानं अण्णांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की अण्णा आधी विचारतात, "झालं का गं?" आपण मान हलवायची, मग ते सैल होतात. एरवी ते हलत नाहीत. एका २६ जानेवारीला माझा धाकटा भाऊ मित्रांशी बोलत पुढे निघून गेला होता. मैदान अर्धं रिकामं झालं तरी अण्णा उन्हात सावधान उभे.

क्रिकेटच्या सामन्याआधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं तेव्हाही ते खाटेवरून उठतात. कॅमेरा एकेका खेळाडूच्या चेहऱ्यावरून सरकत जातो ना, ते ओठ त्यांना अगदी जवळून वाचता येतात. घरात उभं राहावं की नाही यावर माणसं वाद घालतात. गृह मंत्रालयाचे जे आदेश आहेत त्यात एवढंच आहे की राष्ट्रगीत गायलं किंवा वाजवलं जाताना श्रोत्यांनी सावधान उभं राहावं, मात्र वार्तापट किंवा माहितीपटाचा भाग म्हणून ते आलं तर उभं राहण्याची अपेक्षा नाही. अण्णांना हे मी कधी सांगितलेलं नाही. समोरची माणसं उभी राहून गातायत आणि आपण खाटेवर, हे त्यांना जमत नाही, बस्स.

मला स्वतःला राष्ट्रगीत वाजवलेलं आवडत नाही, गायलेलं आवडतं. हल्ली बऱ्याच कार्यक्रमांत मोबाइल ब्लूटूथच्या स्पीकरला जोडतात, एक बोट लावलं की झालं काम, आणि दोनशे माणसं ओठ मिटून उभी. ठरलेल्या चालीत पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. आमची मुलं गातात तेव्हा घड्याळ लावून बघा, सव्वा मिनिटापर्यंत जातं. 'विंध्य हिमाचल'पाशी लांबतं, 'उच्छल जलधि'ला अर्धी फळी मागे राहते. आणि सुरू करणाऱ्या मुलीनं उत्साहात वरची पट्टी पकडली की शेवटच्या 'जय हे'ला सगळ्यांचे गळे फाटतात. म्हणून मी मुलांना आधी खालच्या सुरात 'जन गण मन' तीन-चारदा गुणगुणायला लावते. 'गाहे'चं 'गाये' होतं, 'उत्कल'चं काहीही होतं. शब्दांचा अर्थ फळ्यावर लिहून सांगितला की मग चुका आपोआप कमी होतात. उत्कल म्हणजे ओडिशा, बंग म्हणजे बंगाल, जलधि म्हणजे समुद्र.

सोलापुरात हा तास घेण्यात एक वेगळीच गंमत आहे. आमच्या शहरात महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या. मराठी माध्यमाच्या माझ्या वर्गातही पूर्व भागातली पद्मशाली घरातली मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी. एका वर्षी चौथीतली एक मुलगी अर्थ लिहून घेता घेता थांबली आणि म्हणाली, "बाई, आमचं घर मराठामधी येतंय का द्राविडमधी?" तिची आजी विड्या वळते, आजोबा मागावर, घरात सगळं तेलुगू. मी म्हटलं, "दोन्हीत." तिनं वहीत दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. शेजारचीला वाटलं आपलं काही राहून गेलं, तिनंही मारली. रवींद्रनाथांनी हे गीत संस्कृतप्रचुर बंगालीत लिहिलं, २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं आणि २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेनं ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं. माझ्या वर्गात ती कुणाच्याच घरची भाषा नाही. सगळ्यांना ते शिकावंच लागतं, सगळ्यांच्या चुका होतात, आणि म्हणून या एका गाण्यापुरता वर्गात कुणी वरचढ नसतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

आम्ही लहान असताना अण्णा दर १२ जानेवारीला आम्हाला सायकलवर बसवून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचे. गड्डा यात्रेचे तेच दिवस. होम मैदानावर पाळणे उभे राहिलेले असायचे, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक तोंडावर आलेली, आणि आमचं सगळं लक्ष तिकडं. पण आधी पुतळे, मग गड्डा, हा क्रम ठरलेला. अण्णा एकेकाकडे बोट करून नाव घ्यायचे आणि आम्ही मागून म्हणायचं. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. कुर्बान हुसेनपाशी अण्णा जरा जास्त थांबायचे, कारण तो गिरणी कामगारांचा पुढारी. "आपल्यातला," म्हणायचे.

सोलापूरबाहेरच्या मित्रमैत्रिणींना हे फारसं माहीत नसतं, म्हणून सांगते. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला. स्वातंत्र्याला अजून सतरा वर्षं होती. तो झेंडाही आजचा नव्हे, चरख्याचा. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि शहर उठलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पहिले पडले. पुढचे काही दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य चालत नव्हतं. मग १२ मे पासून मार्शल लॉ. दीड महिन्याहून जास्त काळ. डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवल्या गेल्या, झेंडा मिरवणं हा गुन्हा ठरला, आणि नगरपालिकेवरचा झेंडा उतरवला नाही म्हणून अध्यक्ष माणिकचंद शहा यांना तुरुंगात जावं लागलं. आमच्याकडे म्हातारी माणसं जुना काळ सांगताना 'मार्शल लॉच्या आधी', 'मार्शल लॉच्या नंतर' असं म्हणताना मी लहानपणी ऐकलीत.

अण्णांनी इतिहासाचं पुस्तक वाचलेलं नाही. हे सगळं त्यांना गिरणीतल्या थोरल्यांनी सांगितलं, तेही बहुतेक ओठांनीच. पण झेंड्याशी त्यांचं वागणं त्यातून आलंय, शिवाय ते कापडातले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावायचा होता तेव्हा मी दुकानातून एक आणला, पॉलिस्टरचा. आदल्या डिसेंबरात ध्वजसंहितेत बदल होऊन पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर विणलेल्या ध्वजाला परवानगी मिळाली होती. अण्णांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनीमध्ये किनार घेऊन टोकापर्यंत सरकवत नेली. "शिवण ओढलीय," म्हणाले, "हिरवा पट्टा केशरीपरीस अर्धं बोट कमी हाय." मी मोजलं. होता. तरी लावला. १५ तारखेला संध्याकाळी त्यांनीच उतरवला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून घडी घातली. केशरी पट्टा पांढऱ्याखाली, हिरवा पांढऱ्याखाली, मग दोन्ही बाजूंनी आत दुमडत मधलं चक्र तेवढं वर. चादरीची घडी घालताना तळहातानं जशी सुरकुती काढतात तशी काढली. आता तो झेंडा त्यांच्या ट्रंकेत, त्यांनी स्वतः विणलेल्या शेवटच्या चादरीच्या वर आहे.

एवढं सगळं मी लिहितेय ते एका थिएटरातल्या संध्याकाळीसाठी. आठ वर्षं होऊन गेली, पण माझ्यावर ती अजून बाकी आहे.

२०१७ ची दिवाळीची सुट्टी. अण्णांना चित्रपट बघायला फार आवडतं. "बघायला कान कशाला लागत्यात?" असं ते म्हणतात. मी, माझी मुलगी आणि अण्णा. आम्हाला पोहोचायला उशीर झाला, आत अंधार, टॉर्च दाखवणाऱ्याच्या मागं मागं खुर्च्या शोधल्या. घाईत मुलगी मध्ये बसली, अण्णा पलीकडे. लगेच पडद्यावर झेंडा आला, माणसं उठली. अण्णाही उठले. समोर नुसत्या पाठी, कुणाचा चेहरा दिसेना. अंधारात त्यांना अंदाज आला नसावा, किंवा सुरू होऊन बराच वेळ झालाय असं वाटलं असावं. मध्येच ते मान वळवून मोठ्यानं म्हणाले, "झालं का गं?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ काका, कळंना व्हय? राष्ट्रगीत चालू हाय!" अण्णांना ते ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. त्या मुलानं मग पुढे वाकून अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. ढकललं नाही. तसं मला म्हणायचं नाही, त्याला फक्त गप्प करायचं होतं. पण हात उजव्या खांद्यावर पडला.

अण्णा खाली बसले.

राष्ट्रगीत चालू असताना, भर थिएटरात, आयुष्यात पहिल्यांदा. आणि मागून दोन-तीन आवाज एकदम उठले. "उठवा त्यांना." "लाज नाही का?" कुणीतरी शिवी दिली. अण्णा शांतपणे पडद्याकडे बघत बसलेले, चित्रपट आता सुरू होईल म्हणून.

मी काय केलं? काही नाही. 'त्यांना ऐकू येत नाही', चार शब्दांचं वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण वर्षानुवर्षं मी वर्गात शिकवत आले होते की राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, माशी बसली तरी हाकलायची नाही. माझं अंग त्या शिकवणीनं बांधलेलं होतं. मी सावधान उभी राहिले आणि माझ्या वडलांना शिव्या पडताना ऐकत राहिले. 'जय हे' संपलं, सगळे बसले, मागची पोरं पॉपकॉर्नवर आली. तेव्हा तरी वळून सांगता आलं असतं. तेव्हाही सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि ती कुणाची वाटत होती हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. मध्यंतरात अण्णांनी समोसा खाल्ला. घरी येताना रिक्षात विचारलं, "मागं काय चाललं होतं?" मी ओठांनी म्हटलं, काही नाही.

नंतर मी कायदा वाचून काढला. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा १९७१ चा आहे. राष्ट्रगीताबद्दल त्यात शिक्षा आहे ती ते गाण्यापासून जाणूनबुजून रोखणाऱ्याला, किंवा ते गाणाऱ्या समुदायात अडथळा आणणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ३० नोव्हेंबर २०१६ चा. काहीच दिवसांनी न्यायालयानं अपंगांना उभं राहण्यातून सवलत दिली, आणि ९ जानेवारी २०१८ ला ती सक्तीही काढून ऐच्छिक केलं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला उठवण्याचा अधिकार मला यात कुठंही सापडला नाही. केरळातल्या तीन भावंडांचा खटलाही तेव्हाच वाचला. शाळेत राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. उभं राहिलं पण गायलं नाही, यात अवमान नाही, असं न्यायालय म्हणालं. ते वाचताना ध्वजाच्या खांबाशेजारी ओठ मिटून उभे असलेले अण्णा डोळ्यांसमोर आले.

शाळेत मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, राष्ट्रगीताच्या वेळी डोळे झेंड्यावर. कोण हललं, कोण गात नव्हतं, याच्या तक्रारी नंतर माझ्याकडे आणायच्या नाहीत. मुलं फार आणतात, "बाई, हा खाजवत होता." आता ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट मला मुलांमुळेच कळली. त्यानंतरच्या १५ ऑगस्टला सहावीतली एक मुलगी उपाशीपोटी आली होती. सकाळी सातपासून रांगेत, दमट ऊन. 'तव शुभ नामे'ला ती डोळे फिरवून खाली गेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली सावधान उभ्या. त्यांचे डोळे तिच्याकडे, चेहरे रडवेले, पण पाय जागचे हलले नाहीत. बाईंनी सांगितलं होतं ना, हलायचं नाही म्हणून. मी धावले. त्या मुलीच्या गालाला फरशीचे खडे रुतले होते. त्या दोघींचे चेहरे मी ओळखले. थिएटरात मी तशीच उभी होते. तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगते आणि तसा सरावही घेते: शेजारचं कुणी पडलं तर आधी धरायचं, खाली बसवायचं, आणि बाकीच्यांनी गाणं चालू ठेवायचं. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, मग अपमान नाही होत?" मी म्हणते, नाही होत.

अण्णांना मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती, मेणबत्ती मध्ये होती म्हणून ओठ दिसत होते, आणि त्यांनी आपणहून विचारलं. "त्या वेळी थेटरात खांद्यावर हात तुझाच होता ना? तू तर पलीकडं बसली होतीस." म्हणजे इतकी वर्षं त्यांच्याही मनात ते होतं. मी सगळं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द ओठांवर. मागचा मुलगा, हात, आरडाओरडा, शिवीसुद्धा. मी बोलले नाही, तेही. मला वाटलं ते चिडतील, किंवा मलाच म्हणतील, अगं, सांगायचं नाहीस का.

ते बराच वेळ मेणबत्तीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे झालं नव्हतं?"

मी मान हलवली. नव्हतं झालं.

"कुठपर्यंत आलं होतं?"

मला आठवत होतं. मी म्हटलं, 'गाहे तव जयगाथा'.

"आणि मी बसलो." एवढंच म्हणाले. त्या पोराबद्दल नाही, शिव्यांबद्दल नाही, माझ्याबद्दलही नाही.

या २६ जानेवारीला ते शाळेत आले. वय झालं, आता काठी लागते. नेहमीच्या जागी एका पाहुण्यांसाठी खुर्ची मांडली होती म्हणून त्यांना मागे, पालकांमध्ये उभं राहावं लागलं. मी मुलांपुढे होते, माझी मुलगी त्यांच्याजवळ. मुलांनी खालच्या पट्टीत छान धरलं, गळे फाटले नाहीत. शेवटचं 'जय हे' झालं, आणि मुलीनं त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा हलले नाहीत. विचारलंही नाही. मान जराशी उंचावून त्यांनी पालकांच्या डोक्यांवरून पलीकडे माझ्याकडे पाहिलं. मी तिथूनच ओठांनी सांगितलं, झालं अण्णा. तेव्हा कुठं त्यांनी काठीसाठी हात पुढे केला.